जुनं स्टेशन वाचवायचं तर आधी ते किती जुनं आहे ते बघा

प्रश्न असा आला आहे: कराड ते मिरज पट्ट्यातल्या एका लहान गावात रेल्वे स्टेशनची जुनी दगडी, कौलारू इमारत आहे. दुहेरीकरणात पलीकडे नवी इमारत उभी राहिली, जुनीला कुलूप लागलं. ती पाडणार अशी कुजबुज गावात आहे. गावकरी म्हणतात इमारत १८९० ची आहे. विचारणाऱ्यांना तिचा इतिहास शोधायचा आहे आणि तिला 'हेरिटेज' दर्जा मिळवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम मी सांगलीत बरीच वर्षं करतो. वाडे, देवळाच्या ओवऱ्या, एखादं जुनं कचेरीचं बांधकाम, आणि मधूनमधून रेल्वेच्या हद्दीतलं काहीतरी. त्या अनुभवावरून सांगतो. दर्जा मिळवणं हा तुमचा खरा प्रश्न नाही. खरे प्रश्न तीन आहेत: इमारत खरंच जुनी आहे का, ती ठेवायची की पाडायची हे कोण ठरवणार, आणि ठेवली तर उद्या तिच्यात कोण बसणार. या तिन्हींची उत्तरं हातात नसताना निवेदनं दिली तर नुसते कागदी घोडे नाचतील.

आधी वयाचं बघू, कारण आपल्या पुणे-मिरज मार्गावर नेमका इथेच घोळ होतो. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनेत धान्य पोचवायला साधन नव्हतं. त्या धड्यातून ज्या रेल्वेमार्गांना जोर मिळाला त्यांतला हा एक. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ ची, तिचं मुख्य ठाणं धारवाडला, आणि रूळ मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये १,००० मिलिमीटर अंतर. १८९० च्या सुमारास पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा असा सलग मार्ग झाला, आणि मिरजेहून कोल्हापूरला जाणारा संस्थानचा फाटा १८९१ मध्ये सुरू झाला. त्यामुळे गावकऱ्यांचं '१८९०' अगदीच हवेतलं नाही. पण हा साल मार्गाचा आहे. तुमच्या इमारतीचा तोच असेल असं नाही.

कारण १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. ते काम नुसतं रूळ लांब सरकवण्याचं नव्हतं. काही ठिकाणी मार्गच बदलला. पूर्वी सातारकर सातारा रोडला उतरून पुढे गाडीरस्त्याने शहरात येत. रुंदीकरणानंतर स्टेशन माहुलीजवळ आलं. सांगली शहर तर मुख्य मार्गावर नव्हतंच, मिरजेहून तिथे फाटा होता. वळण बदललं की इमारत नवी, आणि त्या काळातही दगड स्वस्त आणि पाथरवट हाताशी असल्याने नवी इमारत पुष्कळदा दगडीच बांधली जाई. 'ब्रिटिशकालीन' म्हणून मला दाखवलेल्या स्टेशनांमध्ये १९७० च्या आसपासची स्टेशनं होती. त्यांतही जपण्यासारखं काही असू शकतं, पण अर्जात १८९० लिहिलंत आणि साहेबांनी नकाशा काढून १९६९ दाखवलं, तर पुढचं तुमचं एकही वाक्य कोणी ऐकणार नाही.

कागद सापडायच्या आधी इमारतच बरंच सांगते. सर्वांत आधी जोतं, म्हणजे भिंतीखालचा दगडी चौथरा, बघा. मीटरगेजचे फलाट बुटके होते. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो. त्यामुळे जुन्या इमारतीसमोरचा फलाट नंतर उचललेला असेल तर इमारत खाली बसल्यासारखी दिसते: फलाटावरून आत जाताना पायरी उतरावी लागते, दारांची उंची विचित्र वाटते, जोत्याचा घडीव पट्टा अर्धा फरशीखाली गेलेला असतो. असं दिसलं तर इमारत उंच फलाटाच्या आधीची आहे एवढं नक्की. फलाट आणि उंबरा नीट एका पातळीत जुळत असतील तर मी लगेच सावध होतो.

मग सांधे बघा. दगडांच्या दर्जांमध्ये, म्हणजे दोन दगडांमधल्या फटींत, चुना आहे की सिमेंट? वरून सिमेंटचा ओघळ दिसला म्हणून निराश होऊ नका, तो नंतरच्या दुरुस्तीचा असतो. मागच्या बाजूला, पन्हळाच्या पाइपामागे, जिथे गवंड्याचा हात पोचला नाही तिथे, नखाने खरवडा. पांढरट, भुसभुशीत, मधे विटेच्या चुऱ्याचे तांबूस कण असतील तर तो चुना. दारंखिडक्यांवर दगडी कमान आहे की सिमेंट-काँक्रीटची तुळई? छज्जा काँक्रीटचा असेल आणि तो भिंतीत मुळापासून गुंतलेला असेल, तर इमारत विसाव्या शतकात बरीच पुढे सरकते. कौलं मंगलोरी असतील तर एक सुटं पडलेलं कौल उलटं करा. पोटाकडच्या बाजूला कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मात्र कौलं बदलली जातात, त्यामुळे त्यांच्यावरून इमारतीचं वय ठरवू नका.

रुळांच्या बाबतीत तर हमखास फसगत होते. लहान स्टेशनांवर कुंपणाचे खांब, छपराचे टेकू, पाट्यांचे दांडे जुन्या रुळांचे केलेले असतात. रुळाच्या उभ्या पोटावर, गंज घासला की, बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि साल उठून दिसतं, कधी रेल्वे कंपनीची अक्षरंही. १८८० च्या दशकातला साल दिसला की लोक आनंदाने फोटो काढतात. पण रूळ आधी मुख्य मार्गावर झिजतो, मग यार्डात जातो आणि अखेर खांब होऊन उभा राहतो. तो साल फक्त एवढंच सांगतो की खांब त्याआधीचा नाही. तरीही प्रत्येक खांबाचा फोटो काढा, मोजपट्टी शेजारी धरून. पुढे उपयोगी पडतो.

आता कागद. इथे माणसं थकतात, कारण ती चुकीच्या गावी शोधतात. ही रेल्वे ज्याच्या हाती गेली त्याच्याकडे तिचे कागद गेले. १९०८ मध्ये सदर्न मराठा कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली जाऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, मुख्यालय मद्रास. १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे. १९६६ मध्ये सिकंदराबादची दक्षिण मध्य रेल्वे. आता मध्य रेल्वेचा पुणे विभाग, जो स्वतः १९९६ चा आहे. म्हणजे पुण्यात जाऊन '१८९० चा नकाशा द्या' म्हटलं तर तिथला कारकून प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. तुमच्या कामाचे कागद चेन्नई, सिकंदराबाद आणि हुबळीकडेही असू शकतात.

तरी सुरुवात पुण्यातूनच करा, पण मागणी नेमकी ठेवा. माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क लावून चार गोष्टी मागा: तुमच्या स्टेशनचा जमिनीचा नकाशा, यार्डाचा जुना आणि सध्याचा आराखडा, इमारतींच्या नोंदवहीतला त्या इमारतीचा उतारा, आणि दुहेरीकरणाच्या मंजूर आराखड्यात तिच्यासमोर काय लिहिलंय ते. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. 'स्टेशनचा इतिहास द्यावा' असं लिहू नका. इतिहास नावाची फाइल कुठल्याही कार्यालयात नसते, आणि तुमचा अर्ज तिथेच पेंड खात बसतो. चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. इमारत पाडायची नोंद आराखड्यात आहे की ती नुसती गावातली कुजबुज आहे, हे त्यावरून कळेल.

रेल्वेबाहेरचे कागदही आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सातारा खंड १८८५ चा, म्हणजे आपला मार्ग पूर्ण व्हायच्या आधीचा. त्यातून गाडी येण्यापूर्वी तुमच्या भागातला माल कुठल्या रस्त्याने कुठे जात होता ते कळतं. स्वातंत्र्यानंतरचे खंड साताऱ्यासाठी १९६३ आणि सांगलीसाठी १९६९ चे, आणि ते दोन्ही रुंदीकरणाच्या आधीची अवस्था दाखवतात, म्हणून सोन्यासारखे. जिल्ह्याच्या नावाचं मात्र भान ठेवा: १९४९ ते १९६० मधल्या कागदांत सांगली जिल्हा 'दक्षिण सातारा' म्हणून सापडेल, आणि त्याआधी गाव कुणा संस्थानात होतं का तेही बघावं लागेल. औंध, सांगली, मिरज, कुरुंदवाड अशी संस्थानं आपल्या पट्ट्यात एकमेकांत अशी घुसलेली होती की एकाच मार्गावरची शेजारची दोन स्टेशनं दोन राज्यांत असायची. अशा ठिकाणी राज्य पुराभिलेखाच्या मुंबई, पुणे, कोल्हापूर या तिन्ही ठिकाणी चौकशी करावी.

म्हाताऱ्या माणसांना विचाराल तेव्हा साल विचारू नका. सालं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि आग्रह धरलात तर माणूस तुम्हाला खूश करायला एखादं सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा खुणेच्या घटना धरा. शेणोलीची गाडी, म्हणजे जून १९४३ मध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराचा पैसा नेणारी पुणे-मिरज गाडी लुटली ती, आजही घराघरांत सांगितली जाते. तेव्हा तुमच्या स्टेशनवर काय होतं? ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात इमारतीचं काय झालं, कुठली भिंत फुटली, कौलं कुणी बसवली? 'मोठी लाइन' आली तेव्हा मास्तरांची खोली कुठे होती? बहात्तरच्या दुष्काळात धान्य उतरलं का? निवृत्त पॉइंट्समन किंवा गँगमन सापडला तर त्याला फलाटावर उभं करून बोलतं करा. घरी बसून तो चार वाक्यं बोलेल, जागेवर तासभर.

आणि नुसत्या इमारतीभोवती फिरू नका, मालधक्का विसरू नका. लहान स्टेशनचा इतिहास बहुतेक वेळा तिकीटघरापेक्षा मालधक्क्यावर घडतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये बेळगावहून येऊन औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला. माळ ओसाड होता, पण नांगर पाठवायला रेल्वे होती. भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ मध्ये दुधाचा व्यवसाय थाटला तो भिलवडी स्टेशनाला. तुमच्या धक्क्यावरून गूळ गेला, हळद गेली, शेंगा गेल्या की जनावरं, आणि कोणत्या अडत्याच्या नावाने गेली, हे जुन्या व्यापारी घरांच्या वह्यांत मिळू शकतं. मला विचाराल तर कमानीच्या फोटोपेक्षा अशी एक वही जास्त वजनदार.

आता दुसरा प्रश्न, कोण ठरवणार. केंद्राचा १९५८ चा पुरातत्त्व कायदा आणि राज्याचा १९६० चा कायदा, दोन्हींत संरक्षित स्मारक जाहीर करण्याची तरतूद आहे. शंभर वर्षं झाली की इमारत आपोआप संरक्षित होते हा गैरसमज मी दर महिन्याला कुणाकडून तरी ऐकतो. तसं होत नाही, अधिसूचना निघावी लागते. आणि माझं स्पष्ट मत असं की चालू मार्गावरच्या स्टेशनसाठी केंद्रीय संरक्षण मागूच नये. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आहे. तुमच्या इमारतीपासून रूळच शंभर मीटरच्या आत. रेल्वे याला कधीच हो म्हणणार नाही, आणि तुमची फाइल उघडताना तिचा पहिला चेहरा विरोधाचा होईल. नगरपालिकेच्या वारसा यादीचं म्हणाल, तर गावाला ग्रामपंचायत असेल तर तो रस्ता जवळपास बंद. पालिका असली तरी रेल्वेच्या जमिनीवर रेल्वेच्या कामांना १९८९ च्या रेल्वे कायद्याचं पाठबळ आहे.

म्हणून निर्णय पुण्याच्या विभागीय कार्यालयातच होणार, आणि तो बहुधा एका साध्या प्रश्नावर होणार: इमारत नव्या रुळाच्या, फलाटाच्या किंवा पादचारी पुलाच्या आड येते का? रुळाच्या बाजूला ठरावीक मोकळी जागा सोडावीच लागते, तिथे भावनेला वाव नाही. इमारत त्या रेषेत येत असेल तर ती जाणार. मग तुमचं काम म्हणजे पाडण्याआधी पूर्ण मोजमाप, रेखाटनं आणि फोटो करून ठेवणं, घडीव कमान किंवा जोत्याचे दगड क्रमांक घालून बाजूला काढण्याची विनंती करणं. पण रेषेच्या बाहेर असेल, आणि तुमच्या वर्णनावरून तसं वाटतंय, तर ती पाडण्याचं कारण फक्त 'रिकामी पडलीय, धोकादायक आहे' एवढंच उरतं. त्याला उत्तर देता येतं.

ते उत्तर म्हणजे वापर. रिकामी दगडी इमारत आपल्याकडे पाच-सात पावसाळ्यांत कोसळते, मग तिला कुठलाही दर्जा असो. मुंबईचं सीएसएमटी २००४ पासून जागतिक वारसा आहे, पण ते टिकलंय कारण तिथून रोज लोकल सुटतात. तुमच्या निवेदनात 'ऐतिहासिक ठेवा' एका ओळीत संपवा आणि पुढचं पान वापरावर लिहा. रेल्वेला स्वतःलाच जागा लागत असते: गँगच्या विश्रांतीची खोली, सिग्नलवाल्यांचं सामान, सुरक्षा दलाची चौकी. २०२२ पासून 'एक स्थानक एक उत्पादन' योजनेत स्थानिक मालाचे गाळे दिले जातात. हळद-बेदाण्याच्या जिल्ह्यात ते सुचवायला कुणाची हरकत नसावी. 'संग्रहालय करा' ही मागणी मात्र मी शेवटी ठेवतो. संग्रहालयाचं उद्घाटन सोपं असतं, रोज सकाळी कुलूप उघडणारा माणूस मिळत नाही.

स्टेशनांच्या नूतनीकरणाच्या अमृत भारत योजनेत आपल्या मार्गावरची काही स्टेशनं आहेत. लोणंदचं काम तर मे २०२५ मध्ये उद्घाटन होऊन गेलं. तुमचं स्टेशन त्या यादीत असेल तर घाई करा, कारण तिथे दगडावर रंगीत पत्रा आणि खोट्या कमानी चढतात. नसेल तर एका अर्थी सुटलात.

दुरुस्ती करायची वेळ आली तर क्रम एकच: आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंती. रंग सर्वांत शेवटी, आणि दगडाला तर नकोच. सगळ्यात जास्त नुकसान दर्जांत सिमेंट भरण्याने होतं, त्याचं कारण समजून घ्या. आपला काळा दगड पाणी जवळजवळ पीत नाही. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती सांध्यांतल्या चुन्यातूनच. चुना मऊ असतो, ओल आणि क्षार स्वतःवर घेतो, दर पंधरा-वीस वर्षांनी थोडा झडतो, पुन्हा भरायचा. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आत अडकते, भिंतीच्या पोटातला चुना-मातीचा भराव सैल होतो, आणि बाहेरून ठणठणीत दिसणारी भिंत एक दिवस पोट काढते. तुळईची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथलं लाकूड आधी कुजतं, म्हणून कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी सांगाडे, तपासताना मधोमध बघू नका, टोकाला सळई टोचून बघा. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मूळ दगड घेऊन बाहेर येतं. बुंधा कापून, त्यावर औषध लावून, मूळ मेल्यावर ती फट चुन्याने भरायची. हे सगळं करणारे गवंडी सांगली-कोल्हापूरकडे अजून मिळतात, पण ठेकेदाराच्या दरपत्रकात 'चुना' हा शब्द असेल तरच.

स्टेशनमधल्या सुट्या वस्तूंचं एक सांगायचं राहिलं. टोकनचं यंत्र, रुळाच्या तुकड्याची घंटा, वजनकाटा, मुलामा दिलेली पाटी, जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटांवर तारीख उठवायचं दाबयंत्र, हे सगळं रेल्वेचं आहे. वाचवण्यासाठी म्हणून घरी नेऊन ठेवलंत तरी कायद्याने ती चोरीच. यादी करा, फोटो लावा, आणि भंगाराच्या लिलावात जाण्यापूर्वी या वस्तू रेल्वेच्याच वारसा दालनात न्याव्यात अशी लेखी विनंती करा. मिरज एके काळी तीन गेजचं जंक्शन होतं: ब्रॉडगेज, बेळगावकडे जाणारं मीटरगेज, आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आलेली बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज. एकेक गेज बंद होत गेला तेव्हा इंजिनांचे फोटो पुष्कळांनी काढले. गाडीचा रूळ बदलायचे खटके आणि कंदील यांचे फार थोड्यांनी.

फोटो काढताना रुळावर उतरू नका. विनापरवानगी रेल्वे हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे आणि एका फोटोपायी सगळं निवेदन बाजूला पडेल. स्टेशन मास्तरांना भेटा, काय करताय ते सांगा. बहुतेकांना स्वतःच्या स्टेशनचं अप्रूप असतं.

आता मला तीन फोटो पाठवा: फलाट आणि जोतं जिथे भेटतात तो कोपरा, मागच्या भिंतीतला एक सांधा जवळून, आणि कैचीचं भिंतीतलं टोक. शक्य असेल तर दारावर कमान आहे की तुळई तेही कळवा. त्यावरून इमारत ७१ च्या आधीची आहे की नंतरची हे बरंचसं सांगता येईल, मग अर्जाचा मसुदा एकत्र बसून करू. तोवर निवेदनावर सह्या गोळा करू नका.